अकरा मापं, दहा शेर

फार जुन्या काळची, घाट चढायला माणसाचे पाय आणि बैलाची पाठ यांखेरीज दुसरं काही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एका घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात एक अन्नछत्र होतं. चढणीला लागणारा प्रत्येक वाटसरू तिथे थांबे. कोण, कुठला, कुठे निघालास, असं कुणी विचारत नसे. पानावर बसला की त्याला वाढत.

या अन्नछत्राची कोठी आवडाबाई नावाची एक बाई सांभाळत असे. वय झालेलं, बोलणं मोजकं, हात स्वच्छ. तिच्या कोठीतून डाळीचा दाणा वाया जात नसे आणि तिच्या दारातून कुणी उपाशी जात नसे. आवडाबाईंनी एखादी गोष्ट सांगितली की ती तशीच असणार, असं गाव धरून चाले. गावचे पाटीलसुद्धा त्यांचा शब्द खाली पडू देत नसत.

अन्नछत्राला तेल पुरवायचा म्हाळू तेली. गावकरी अन्नछत्रासाठी करडई आणि तीळ आणून त्याच्या घाण्यावर टाकत. तो गाळून तेल अन्नछत्राला देई, आणि मागे उरलेली पेंड हीच त्याची मजुरी. त्याच्या बापानेही हेच केलं होतं. तेल मोजायला त्याच्याकडे पितळेचं एक माप होतं, त्यावर पाटलांचा शिक्का होता. त्या मापाला सगळे शेर म्हणत. दहा वेळा माप भरून बुधल्यात ओतलं की म्हाळू तो चामड्याचा बुधला खांद्यावर टाकी आणि कोठीच्या दारात आणून ठेवी.

"दहा शेर आहे, आवडाबाई."

"ठेव तिथे. जेवून जा."

असं कित्येक वर्षं चाललं होतं.

एका वर्षी घाटावरून जाणारा एक व्यापारी अन्नछत्रात आजारी पडला. आवडाबाईंनी त्याला पेज भरवून उभा केला. बरा होऊन गेल्यावर त्याने परतीच्या तांड्याबरोबर एक तराजू पाठवला. दोन चकचकीत पारडी, मधे सरळ काटा आणि सोबत वजनं. एक शेराचं, दोन शेरांचं, पाच शेरांचं, दहा शेरांचं. तसा तराजू त्या मुलखात कुणी पाहिला नव्हता.

आवडाबाईंना तो फार आवडला. त्यांनी पीठ तोललं, गूळ तोलला, मीठ तोललं. कोठीत येणारी प्रत्येक वस्तू आता पारड्यात बसूनच आत जाई. कोठीतलं जुनं माप, तेही पाटलांच्या शिक्क्याचं आणि शेराचंच, त्यांनी मिठाच्या रांजणात टाकलं. मीठ काढायला ते बरं पडे.

मग एक दिवस म्हाळूचं तेल आलं. तो गेल्यावर आवडाबाईंनी एक रिकामं भांडं पारड्यात ठेवलं, दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच वजनाचे खडे टाकून काटा सरळ केला, आणि बुधल्यातलं तेल थोडं थोडं ओतून तोललं. दहा शेर भरायला हवं होतं. ते नऊ शेरांच्या जरा वर भरलं.

त्यांनी पुन्हा तोललं. तेवढंच भरलं.

त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. माणसाच्या हातून एकदा होतं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पुढच्या खेपेलाही त्यांनी तेल तोललं. पुन्हा तेवढंच कमी. त्याच्या पुढच्या खेपेलाही तसंच. आता त्यांना राग आला. राग तेलाचा नव्हता. इतकी वर्षं ज्याला आपण पानावर बसवून वाढलं, तो प्रत्येक वेळी वाटसरूंच्या तोंडचं तेल काढून घेत होता, याचा तो राग होता. त्यांनी म्हाळूला विचारलं नाही. त्या सरळ चावडीवर गेल्या.

पाटलांनी म्हाळूला बोलावलं. चावडीसमोर पंधरावीस माणसं जमली. म्हाळू हातपाय धुऊन, अंगरखा घालून आला. काय झालं आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"म्हाळू," पाटील म्हणाले, "अन्नछत्राला तू किती तेल देतोस?"

"दहा शेर, पाटील."

"आवडाबाई म्हणतात, नऊच भरतं."

म्हाळूने आवडाबाईंकडे पाहिलं. "बाई, मी काठोकाठ भरून ओततो. थेंबभर सांडलं तर वरून घालतो."

"मी तीन वेळा तोललंय," आवडाबाई म्हणाल्या. "तराजूला डोळा नसतो न् हातही नसतो. तो कुणाची बाजू घेत नाही."

पाटलांनी म्हाळूचं माप मागवलं. उलटसुलट करून पाहिलं. कुठे चेपलेलं नव्हतं, तळ जाड केलेला नव्हता, शिक्का जागेवर होता. मग तराजूची वजनं पाहिली. तीही चोख होती.

"आत्ता तुमच्यासमोर माप भरून दाखवतो," म्हाळू म्हणाला.

"आत्ता सगळ्यांदेखत भरशील तर काठोकाठच भरशील," पाटील म्हणाले. "घरी एकटा असताना कसं भरतोस, ते कोण सांगणार?"

माप खरं होतं, तराजू खरा होता. मग लोकांच्या नजरेला खोटा ठरवायला एक माणूसच उरला.

पाटील वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. म्हाळूने चूक कबूल करावी, घाणा बंद करावा आणि गाव सोडावं. नाहीतर दिव्य करावं. दिव्य म्हणजे उकळत्या तेलात लोखंडाचा तुकडा टाकायचा आणि तो उघड्या हाताने बाहेर काढायचा. हात भाजला तर माणूस खोटा. नाही भाजला तर खरा. त्या काळी असा न्याय करत.

म्हाळू म्हणाला, "जे केलं नाही ते कबूल कसं करू? दिव्य करतो."

पाटलांनी नियम सांगितले. दिव्याचं तेल म्हाळूच्या घाण्याचं चालणार नाही. ते नदीपलीकडच्या गावातून आणायचं, आणि तक्रार करणाऱ्याने स्वतःच्या हाताने आणायचं, म्हणजे त्यात कुणी काही मिसळल्याचा संशय राहणार नाही. तोवर म्हाळूने हाताला लेप लावू नये म्हणून त्याचे दोन्ही हात धुऊन कापडी पिशव्यांत घातले, मनगटाशी बांधले आणि गाठीवर लाखेचा शिक्का मारला.

तसे बांधलेले हात घेऊन म्हाळू घरी गेला. घाणा थांबला. जे लोक म्हाळूकडून तेल नेत, ते दुसरीकडे जाऊ लागले. त्याची बायको तुळसा पाण्याला गेली की बाया बोलता बोलता गप्प होत. घरी आली की ती नवऱ्याला घास भरवी, त्याचं तोंड धुई. म्हाळू म्हणे, "एवढं बघू नकोस माझ्याकडे." ती म्हणे, "बघू नको तर काय करू?"

एका दुपारी तुळसा अन्नछत्राच्या स्वयंपाकघराशी आली. आत आवडाबाई वड्यांचं तळण काढत होत्या. तुळसा उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"बाई, एक विचारायचं होतं."

"विचार."

"तुमच्या हातांवर हे डाग कशाचे?"

आवडाबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत लहानमोठे पांढरट डाग होते. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

"तळणीचे," त्या म्हणाल्या. "तेल उडतं."

"ज्या दिवशी उडालं, त्या दिवशी तुम्ही काही खोटं बोलला होता का?"

आवडाबाईंच्या हातातला झारा थांबला. कढईत वडे करपू लागले.

"दिव्य पाटलांनी ठरवलंय, तुळसा."

"होय. पण तक्रार तुमची आहे." एवढं बोलून तुळसा निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आवडाबाई दिव्याचं तेल आणायला निघाल्या. नदीला पाणी कमी होतं. साडी वर खोचून त्या पलीकडे गेल्या. तिथल्या घाण्यावर एक म्हातारा तेली होता. त्याला त्यांनी सगळं खरं सांगितलं आणि म्हणाल्या, "माप माझ्या हातात द्या. मी भरते."

म्हाताऱ्याने माप दिलं. आवडाबाईंनी ते नीट पुसलं आणि तेलाच्या धारेखाली धरलं. धार बारीक होती. काठापर्यंत आलं तरी त्यांनी माप हलवलं नाही. तेल काठाच्या जरासं वर फुगून राहिलं आणि आता सांडेल असं झालं, तेव्हा त्यांनी ते आपल्या घागरीत ओतलं. असं दोनदा केलं. घागरीच्या तोंडाला फडकं बांधलं, ती डोक्यावर घेतली आणि वाटेत कुणाच्या हातात न देता कोठीत आणली.

घागर चावडीवर पोचती करायची होती. पण कोठीत जे येतं ते तोलायचं, ही त्यांची सवय झाली होती. त्यांनी भांडं पारड्यात ठेवलं, खड्यांनी काटा सरळ केला, तेल ओतलं आणि दुसऱ्या पारड्यात दोन शेरांचं वजन ठेवलं.

वजनाचं पारडं खाली गेलं. तेलाचं वर राहिलं.

आवडाबाईंच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की हा म्हातारा तेलीही तसलाच. पण लगेच त्यांना आठवलं की माप म्हाताऱ्याने भरलं नव्हतं. घागर उघडली गेली नव्हती, गळत नव्हती. चोर शोधायचा तर या तेलाला हात लावणारं एकच माणूस होतं आणि ते माणूस त्या स्वतः होत्या.

त्या उठल्या, मिठाच्या रांजणातून जुनं माप काढलं आणि धुऊन कोरडं केलं. घागरीतून आणलेलं तेल त्यांनी या मापाने मोजलं. बरोबर दोन मापं भरली. म्हणजे तेल कमी नव्हतं. मग त्यांनी तेच माप पाण्याने काठोकाठ भरलं आणि ते पाणी तोललं. एका शेराच्या वजनासमोर काटा मधोमध उभा राहिला, कुठेही झुकला नाही. तेल मात्र त्याच मापाने घेतलं की शेराला कमीच पडे.

समोर पाण्याचं भांडं होतं. आवडाबाईंनी त्यात बोटाने तेलाचा एक थेंब सोडला. थेंब वर तरंगला. आयुष्यभर त्यांनी आमटीवर तेलाचा तवंग पाहिला होता. उष्टी भांडी पाण्यात घातली की तेल वर येताना पाहिलं होतं. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं हे त्यांच्या डोळ्यांना ठाऊक होतं. हलकं असतं म्हणजे तेवढ्याच जागेत त्याचं वजन कमी भरणार, हा विचार मात्र त्यांच्या डोक्यात कधी आला नव्हता. शेर हा शब्द एकच होता. म्हाळू म्हणे तो मापाचा शेर. त्या म्हणत तो वजनाचा. दोघंही खरं बोलत होते आणि त्यातल्या एकाचे हात पिशवीत बांधलेले होते.

आवडाबाई तडक पाटलांच्या घरी गेल्या आणि घडलेलं सगळं त्यांना सांगितलं. पाटलांनी ते ऐकून घेतलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "आवडाबाई, उद्या सकाळी दिव्य आहे. दवंडी पिटून झाली. पाच गावांची माणसं येतील. आता तुम्ही उभं राहून म्हणणार, माझं चुकलं?"

"चुकलंच आहे."

"पण त्याने काय होईल याचा विचार करा. लोक म्हणतील, बाईंनी एका माणसावर चोरीचा आळ घातला आणि तोही खोटा. उद्या कोठीतल्या धान्याविषयी कुणी कुजबुजलं तर तुमचा शब्द कोण मानेल? घाटावरचे लोक दाणे देतात ते तुमच्याकडे बघून. आणि म्हाळू खरा असेल तर देव त्याला भाजू देणार नाही. त्याचं खरेपण आपोआप सिद्ध होईल. तुम्हाला काही बोलावंही लागणार नाही."

बोलणं अगदीच गैर नव्हतं. आवडाबाईंना अन्नछत्राची काळजी होती. स्वतःच्या नावाचीही होती. त्या नावाखेरीज त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. मूलबाळ नव्हतं, जमीन नव्हती. गप्प राहायचं, एवढंच करायचं होतं. पुढचं पाटील करणार होते, देव करणार होता.

"पाटील," त्या शेवटी म्हणाल्या, "मी जन्मभर तळण काढलंय. तेलाला माणूस ओळखता येत नाही."

आवडाबाई घरी आल्या.

सकाळी चावडीसमोर चूल मांडली होती. तिच्यावर मोठी लोखंडी कढई होती. लोक झाडाखाली, ओट्यावर, भिंतींवर दाटीने बसले होते. म्हाळूला पुढे आणून त्याच्या मनगटांवरचा शिक्का सगळ्यांना दाखवला. तुळसा त्याच्यामागे उभी होती. तिने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

कढई तशीच रिकामी तापत होती, कारण तेल अजून आलं नव्हतं. मग आवडाबाई आल्या. एका हातात घागर, दुसऱ्या हातात तराजू, पदरात वजनं आणि जुनं माप. घागर त्यांनी कढईजवळ ठेवली नाही. त्या चावडीच्या ओट्यावर चढल्या आणि तराजू टांगून घेतला.

"दिव्याआधी मला थोडं दाखवायचं आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी काय दाखवलं, ते समोर बसलेल्या सगळ्यांना दिसलं. एकच माप पाण्याने भरलं तेव्हा काटा सरळ राहिला. तेच माप तेलाने भरलं तेव्हा तेलाचं पारडं उचललं गेलं.

"तेल कमी घातलं असेल," मागून एक शेतकरी म्हणाला.

"पुढे या आणि तुम्ही भरा," आवडाबाई म्हणाल्या.

शेतकरी पुढे आला. त्याने स्वतःच्या हाताने माप भरलं, इतकं की दोनचार थेंब बाहेर गेले. पारडं वरच राहिलं. त्याने पाणी भरून पाहिलं, मग पुन्हा तेल भरून पाहिलं आणि डोकं खाजवत जागेवर जाऊन बसला.

आता आवडाबाई बोलल्या. आवाज त्यांचा नेहमीचाच होता, पण बोलताना त्यांना मधे थांबावं लागलं. "म्हाळूने दहा मापं दिली. मी दहा शेर वजन मागितलं. त्याच्याकडून काही कमी आलेलं नव्हतं. मी त्याला एका शब्दाने विचारलं नाही आणि चावडीवर येऊन चोर म्हटलं. ते माझं बोलणं खोटं होतं. तुमच्या सगळ्यांसमोर सांगते."

लोक एकमेकांकडे बघू लागले. पाटील उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. पाच गावांसमोर त्यांच्या न्यायाची अशी गत झाली होती.

"आवडाबाई, दिव्य एकदा ठरलं की मोडता येत नाही," ते म्हणाले. "तशी रीत आहे."

"मोडू नका," आवडाबाई म्हणाल्या. त्या ओट्यावरून उतरल्या आणि चुलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "पण दिव्य करायचं ते ज्याच्या शब्दावर संशय आहे त्याने. म्हाळूच्या शब्दावर आता कुणाचा संशय नाही. माझा शब्द खोटा निघालाय. ओता तेल. हात मी घालते."

त्यांनी बाही वर केली. डाग पडलेला तो हात सगळ्यांनी पाहिला. त्या हाताने वाढलेलं तिथे बसलेल्या बहुतेकांनी खाल्लं होतं.

चुलीतली लाकडं फुटत होती. पाटलांनी एकदा कढईकडे पाहिलं, एकदा आवडाबाईंकडे, आणि मग म्हाळूकडे. मग ते स्वतः ओट्यावरून खाली आले, चुलीतलं जळतं लाकूड ओढून बाहेर काढलं आणि त्यावर पाणी ओतलं.

"मापावर शिक्का माझा आहे," ते म्हणाले. "या मापात काय मोजतात, ते मीही कधी विचारलं नाही. हात सोडा त्याचे."

लाख फोडली, गाठी सोडल्या. म्हाळूचे हात घामाने पांढरे पडून सुरकुतले होते. तुळसाने ते आपल्या पदराने पुसले. आवडाबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हाळूने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. नवराबायको दोघं गर्दीतून वाट काढत घरी गेले.

गोष्ट इथे संपत नाही, कारण माणसाचं मन चुलीसारखं पाणी ओतून विझत नाही. म्हाळूने घाणा सुरू केला, गावाला तेल दिलं, पण अन्नछत्राचा बुधला रिकामाच राहिला. आवडाबाईंनी निरोप पाठवला नाही. पाटील म्हणाले, मी सांगतो त्याला. आवडाबाई नको म्हणाल्या. अन्नछत्रात फोडणी बंद झाली. वाटसरूंना भाकरीबरोबर उकडलेली डाळ आणि मीठ मिळू लागलं. काही जण कुरकुरले. "तेल का नाही?" असं कुणी विचारलं तर आवडाबाई सांगत, "माझ्या चुकीमुळे." आणि झालेली सगळी हकिकत वाढता वाढता सांगत.

असे बरेच दिवस गेले. मग एके दिवशी आवडाबाई स्वतः म्हाळूच्या घाण्यावर गेल्या. तराजू बरोबर होता. बैल फिरत होता आणि म्हाळू घाण्यात करडई सारत होता. त्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा काम करू लागला.

"तेल मागायला आले नाही," आवडाबाई म्हणाल्या. "हिशेब समजून घ्यायला आले. तुझं माप आणि माझं वजन यांचं किती जुळतं, ते एकदा नीट बघू या. पुढे कुणा दुसऱ्यावर ही वेळ येऊ नये."

म्हाळूने बैल थांबवला. दोघं घाण्याशेजारी बसली. म्हाळू माप भरी, आवडाबाई तोलत. एक माप, दोन मापं, पाच मापं. दहा मापांना दहा शेर वजन काही होईना. म्हाळूने आणखी एक माप ओतत आणलं तेव्हा काटा मधे येऊन थांबला. मापात जेमतेम पळीभर उरलं असेल.

"अकरा मापं, दहा शेर," म्हाळू म्हणाला. चावडीच्या दिवसानंतर तो आवडाबाईंशी पहिल्यांदा बोलला.

"अकरा मापं, दहा शेर," आवडाबाईंनी म्हटलं. "आणि तिळाचं?"

तिळाचं तेलही त्यांनी पाहिलं. तेही जवळपास तसंच आलं.

म्हाळू हात पुसत म्हणाला, "बाई, पहिल्या खेपेला कमी भरलं, तेव्हाच मला हाक मारायची होती."

"होय."

"मी रागावलो असतो. पण आलो असतो."

"तू माप घेऊन आला असतास, माझ्याकडे तराजू होता. दुपारपर्यंत उलगडलं असतं," आवडाबाई म्हणाल्या. "तू लबाड आहेस असं मानणं मला सोपं गेलं. मला काहीतरी ठाऊक नसेल, हे मनात आलं नाही."

दुसऱ्या दिवशी म्हाळू बुधला खांद्यावर टाकून अन्नछत्राच्या दारात आला. पाटलांनी चावडीच्या भिंतीवर चुन्याने लिहवून घेतलं, की यापुढे तेल देताघेताना मापाने की वजनाने ते आधी बोलावं, आणि अकरा मापं तेल म्हणजे दहा शेर वजन धरावं. लोक लग्नकार्यात, सणासुदीला तोच हिशेब धरू लागले. तापल्या तेलाचं दिव्य त्या गावात पुन्हा कुणी मागितलं नाही. पाटलांनीही त्याचं नाव काढलं नाही.

तुळसा मात्र लवकर विरघळली नाही. म्हाळूला वेळ नसला की तीच बुधला आणून ठेवी. आवडाबाई म्हणत, "जेवून जा, तुळसा." ती म्हणे, "घरी काम आहे." आणि निघून जाई. आवडाबाई आग्रह करत नसत, पण विचारायच्या मात्र दर खेपेला.

थंडीचे दिवस आले. एका सकाळी तुळसाने बुधला ठेवला आणि दारातच थांबली. आत घाटावरून उतरलेली माणसं जेवत होती. आवडाबाई एकट्याच वाढत होत्या. आता त्यांचा हात थोडा कापत होता, आमटी पानाबाहेर जात होती.

"जेवून जा, तुळसा," त्या सवयीने म्हणाल्या.

तुळसा आत आली. तिने त्यांच्या हातातलं आमटीचं भांडं काढून घेतलं आणि सगळी पंगत वाढली. मग पंगतीच्या टोकाला एक पान मांडून ती बसली, आणि आवडाबाईंनी तिच्यापुढे भाकरी ठेवली.

थोरांनी लहानांना या गोष्टीतून सांगायचं ते एवढंच. तात्पर्य: दुसऱ्याचं कमी भरलं असं वाटलं, तर तो आणि आपण एकाच मापाने मोजतो आहोत का, हे आधी त्याला विचारावं, आणि आपलंच चुकलं असं कळलं, तर ते ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्याचसमोर, कुणाचा हात भाजण्याआधी सांगावं.